घरात कुत्रं आणायचंय, पण कुठून?

शाळांच्या परीक्षा संपल्या की दरवर्षी हेच होतं, मुलं कुत्र्याचा हट्ट धरतात आणि आईबाबा आम्हाला लिहितात. यावेळची बरीचशी पत्रं एकाच प्रश्नाभोवतीची होती, की पैसे देऊन जातिवंत पिल्लू आणायचं का रस्त्यावरून वाचवलेलं, कुणीतरी सोडून दिलेलं कुत्रं घरी घ्यायचं. म्हणून यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. लांबलचक पत्रं थोडी छोटी केलीयत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. आम्ही विश्रामबागला राहतो, रो हाऊस आहे, पुढं छोटं अंगण. मुलगा पाचवीत गेलाय, त्याला लॅब्रॅडॉरच पाहिजे. मिरजेत एका ओळखीच्याकडं सव्वा महिन्याची पिल्लं आहेत, पंधरा हजार म्हणतोय, कागदपत्रं काही नाहीत पण आईबाप दाखवतो म्हणाला. बायकोचं म्हणणं की एवढे पैसे घालण्यापेक्षा वाचवलेलं एखादं घेऊया, तिच्या मैत्रिणीनं घेतलंय. मला भीती अशी की रस्त्यावरचं कुत्रं म्हणजे कसल्या सवयी असतील, कसले रोग असतील, पोराला चावलं तर काय करायचं, आणि मोठं झालेलं कुत्रं आता आपलं ऐकणार का? स्पष्ट सांगा.
एक बाबा, सांगली

उत्तर: स्पष्टच सांगते, ते सव्वा महिन्याचं पिल्लू आणू नका. पैशाचं नंतर बघू, आधी वय बघा. केंद्र सरकारचे २०१७ चे कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे नियम आहेत, त्याप्रमाणं आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, विकणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी पाहिजे, आणि एका मादीची आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत असंही त्यात आहे. आता आठ आठवडेच का, तर त्या दिवसांत पिल्लू भावंडांशी दंगा करत असतं, जोरात चावलं की समोरचं केकाटतं, खेळ थांबतो, आई दटावते, आणि त्यातनं त्याला कळतं की दात किती लावायचा. हे शिकायच्या आतच उचलून आणलेली पिल्लं पुढं पोरांच्या हातापायाला लागतात आणि मग लोक माझ्याकडं येऊन विचारतात की लॅब असून चावतंय कसं. आईबाप दाखवतो म्हणालाय तर आई नीट बघून या, तिच्या बरगड्या, तिचे केस, ती कुठं बांधलीय ते. अशा ठिकाणी मी ज्या माद्या तपासल्यात त्या बघितल्यावर मला कुणालाही तिथनं पिल्लू घ्या म्हणवत नाही.

आता तुमच्या खऱ्या भीतीकडं येते. तुम्ही म्हणताय मोठं झालेलं कुत्रं ऐकणार का, आणि मला नेमकं उलट सांगायचंय, की लहान मूल असलेल्या पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्या घरानं दीड-दोन वर्षांचं, स्वभाव बनलेलं कुत्रंच घ्यावं. पिल्लू मोठं होऊन कसं निघेल ते जातीवरनं अंदाजानंच सांगता येतं, मोठं कुत्रं मात्र आज जसं दिसतंय तसंच आहे. पोरांच्या गोंगाटात ते शांत बसतं का, गाडीचा हॉर्न वाजला की लपतं का, मांजर दिसली की काय करतं, पंजा हातात घेऊ देतं का, हे सगळं घरी आणायच्या आधी डोळ्यानं बघता येतं. आणि जिथं ते सध्या राहतंय, म्हणजे शेल्टर असेल किंवा कुणाच्या घरी तात्पुरतं ठेवलेलं असेल, तिथल्या माणसाला विचारा, तो तुम्हाला आठवड्याभरातलं सगळं सांगेल. एकदा बघून ठरवू नका. मुलाला घेऊन दोन-तीनदा जा, एकदा जेवणाच्या वेळेला जा, एकदा त्याला पट्ट्यावर फिरवून बघा. ऐकण्याचं म्हणाल तर मोठं कुत्रं पिल्लापेक्षा लवकर शिकतं, कारण त्याचं लक्ष टिकतं आणि शी-शूवर ताबा आलेला असतो. पिल्लाला दर दोन तासांनी बाहेर न्यायला लागतं, रात्री पण, ते तुमच्या घरात कोण करणार हे आत्ताच एकमेकांना विचारा.

रोगांचं खरं आहे, ते मी लपवणार नाही. रस्त्यावरनं आलेल्या कुत्र्याला जंत असतात, गोचीड असतात आणि गोचीडामुळं होणारा टिक फीव्हर आपल्या भागात सारखा बघायला मिळतो, म्हणून रक्त तपासल्याशिवाय घेऊ नका. नसबंदी न झालेल्या कुत्र्यांत लघवीच्या जागेवर एक गाठ येते, समागमातनं पसरणारी, टीव्हीटी म्हणतात तिला, दिसायला भयंकर दिसते पण आठवड्याला एक इंजेक्शन अशा काही डोसांत बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. खरूज बरी होते. चांगली माणसं कुत्रं देताना लसीचं कार्ड देतात, नसबंदी झालेली असते किंवा कधी करायची ते लिहून घेतात, तुमचं घर बघायला येतात, दहा प्रश्न विचारतात. त्याचा राग मानू नका, जो काहीच न विचारता कुत्रं हातात देतोय त्याच्याकडनं घेऊ नका.

चावण्याचं म्हणाल तर कुठल्याही जातीचं कुत्रं चावू शकतं आणि विकत घेतलेल्या पिल्लाला पण रेबीजची लस लागतेच, तीन महिन्यांचं झालं की पहिली, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, पुढं दरवर्षी. चावलं किंवा नुसतं दातानं खरचटलं, अगदी पिल्लाचं असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची, हळद चुना तिखट काही भरायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सरकारी दवाखान्यात माणसाला द्यायचं रेबीजचं इंजेक्शन फुकट मिळतं, जखम खोल असेल तर सोबत सिरम पण लागतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, म्हणून पिल्लूच आहे घरातलंच आहे असं म्हणून थांबू नका. मुलाला दोन गोष्टी आत्तापासून शिकवा, खाताना आणि झोपलेलं असताना कुत्र्याला हात लावायचा नाही, आणि गळ्यात पडून मिठी मारायची नाही. माणसाला मिठी आवडते, बहुतेक कुत्र्यांना नाही आवडत.

आणि मुलाला लॅबच पाहिजे असेल तर लॅब पण दत्तक मिळतात. केस गळतात, घर बदललं, बाळ झालं, बदली झाली अशी कारणं सांगून सोडून दिलेली लॅब आमच्याकडं येतच असतात. पण अंगणात एप्रिल-मे चं ऊन बघा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकूनच ते थंड होतं, आणि दाट केसांच्या कुत्र्याला सांगलीच्या उन्हाळ्यात दुपारी घरात पंख्याखालीच घ्यावं लागतं. आपलं गावठी कुत्रं आखूड केसांचं, वजनाला पंधरा-वीस किलोच्या आसपास, या हवेत पिढ्यान्पिढ्या वाढलेलं, त्याला हा त्रास कमी. तुमच्या बायकोचं ऐका.

प्रश्न: डॉक्टर, आमची वस्ती तासगावजवळ मळ्यात आहे, बेदाण्याचं शेड पण आहे. राखणीला म्हणून संस्थेकडनं एक कुत्री आणली, कानाला थोडा कट आहे तिच्या. आल्यापासनं शेडच्या मागं जाऊन बसलीय, भाकरी टाकली तर खात नाही, कुणी नसलं की खाते. भुंकत तर अजिबात नाही. ही राखण करणार का? का बदलून दुसरं आणू?
एक शेतकरी

उत्तर: बदलू नका दादा. कानाचा कट म्हणजे तिची नसबंदी झालीय याची खूण, ऑपरेशनच्या वेळी करतात, म्हणजे लांबनं बघूनच कळतं आणि तिला पुन्हा कुणी उचलत नाही. ती रुसलेली नाही, आजारी पण असेलच असं नाही, घाबरलीय. तिचा मोहल्ला गेला, वास बदलले, माणसं बदलली. अंदाज म्हणून सांगते, पहिले तीन दिवस नुसती भीती, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, आणि हे आपलं घर आहे असं वाटायला तीन महिने जातात, एखाद्याला जास्त. तोवर तिच्या मागं लागू नका. घरातल्या एकाच माणसानं रोज त्याच वेळेला, त्याच जागी खायला ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. डोळ्यात डोळे घालून बघत उभं राहायचं नाही. हळूहळू ती तुमच्या चपलांच्या आवाजाला बाहेर येईल. एकदा मळा आपला वाटला की भुंकायला तिला कुणी शिकवावं लागत नाही. एवढ्यात मोकळी मात्र सोडू नका, नवीन कुत्रं पळतं ते पहिल्या पंधरवड्यातच, आणि मळ्यातनं पळालेलं कुत्रं डांबरी रस्त्यावर जातं. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर लिहा.

पण मला तुमच्या पत्रात कुत्रीपेक्षा जास्त काळजी वाटली ती शेडची. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी आहेत, मूत्रपिंड निकामी होतं, आणि किती खाल्ल्यावर होईल हे प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळं, एखाद्याला थोडकेच पुरतात. बेदाण्यात पाणी उडून गेलेलं असतं म्हणून तो द्राक्षापेक्षा वाईट. रॅकखाली पडलेला माल झाडून घ्या, ती शेडच्या मागं बसते म्हणताय तर तिथं खराब माल टाकलेला नाही ना ते आजच बघा, आणि शेडला दार नसेल तर जाळी लावा. बेदाणे खाल्लेले दिसले तर उलट्या व्हायची वाट बघू नका, लगेच डॉक्टरकडं न्या, पहिल्या दोन तासांत ते पोटातनं काढता येतात. हे मी तासगाव, पलूस, मिरज तालुक्यातल्या सगळ्या बागायतदारांना सांगतेय, कारण आपल्याकडं बेदाणा म्हणजे पौष्टिक, मग कुत्र्याला पण मूठभर प्रेमानं घालतात. कांदा-लसूण घातलेलं कालवण पण नको, त्यानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात. साधी भाकरी, अंडं, बिनमसाल्याचं चिकन, थोडं दही, हे चालतं. शिजवलेली हाडं नको, त्यांचे टोकदार तुकडे होतात.

प्रश्न: साताऱ्यात आमच्या अपार्टमेंटमध्ये सोसायटीनं ठराव केलाय की कुत्रं पाळायचं नाही. आम्ही एक अपघातातलं पिल्लू बरं केलंय, त्याला ठेवायचंय. काय करावं?

उत्तर: ठेवा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना आहेत २०१५ च्या, त्यात स्वच्छ म्हटलंय की बहुमतानं ठराव झाला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. त्याची प्रिंट काढून सेक्रेटरींना द्या, भांडू नका. सोबत लसीचं कार्ड, नगरपालिकेत नोंदणीची सोय असेल तर ती पावती, आणि जिन्यात-पार्किंगमध्ये शी झाली तर आम्ही उचलणार हे लिहून द्या आणि ते पाळा. शेजाऱ्यांचा राग बहुतेक वेळा कुत्र्यावर नसतोच, घाणीवर आणि रात्रीच्या भुंकण्यावर असतो, आणि तो राग बरोबर आहे.

प्रश्न: ताई, आम्ही कराडला राहतो. आठ दिवसांपूर्वी एक तीन वर्षांचं कुत्रं दत्तक घेतलं. तसं गोड आहे, मुलीच्या पायाशी झोपतं, पण खाताना जवळ गेलं की गुरगुरतं. काल ह्यांनी वाटी काढून घेऊन बघितली, मालक कोण ते कळावं म्हणून, तर ते दात दाखवून अंगावर आलं. सासूबाई म्हणतात सोडून या नदीच्या पलीकडं. मला रडू येतंय. मुलगी सात वर्षांची आहे. काय करू?

उत्तर: आधी हे, की सोडून यायचं नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपाशी-तहानेनं हाल होतील असं जनावर विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे, इतका कमी आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं, पण दंड कमी म्हणून गुन्हा लहान होत नाही. अगदीच नाही जमलं तर जिथनं आणलंय तिथं परत द्यायचं, त्यांनी ते घेतलंच पाहिजे, आणि त्यात तुमची काही नामुष्की नाही. पण तिथवर जायची वेळ येईल असं मला तुमच्या पत्रावरनं वाटत नाही.

जे कुत्रं रस्त्यावर उपाशी राहिलंय, दहा जणांत एक तुकडा भांडून मिळवलाय, त्याला अजून माहीत नाही की तुमच्या घरात रात्री पण जेवण मिळतं. ते जेवण राखतंय. त्याची वाटी ओढून घेतली की त्याची भीती खरी ठरली, माणूस जवळ आला की जेवण जातं. मालक कोण हे दाखवायला वाटी काढायची ही जी पद्धत सगळीकडं सांगतात ती चुकीची आहे आणि तिच्यामुळं चांगली कुत्री बिघडलेली मी बघितलीयत, हे तुमच्या मिस्टरांना माझ्या नावानं सांगा. आणि गुरगुरलं म्हणून मारायचं नाही कधी. गुरगुरणं म्हणजे ते तुम्हाला आधी सांगतंय, मारून मारून ते सांगणं बंद केलं की मग न सांगता चावतं.

आजपासनं असं करा. त्याचं जेवण एका कोपऱ्यात किंवा बंद खोलीत, मुलगी तिथं जाणार नाही अशा ठिकाणी, आणि संपेपर्यंत कुणी आत जायचं नाही. हा नियम मुलीसाठी, त्यात ढिलाई नको. पंधरा दिवस असं शांतपणे खाऊ दिलं की मग तुम्ही, मोठ्या माणसानंच, ते खात असताना लांबनं जाता जाता वाटीच्या दिशेनं एक चिकनचा तुकडा टाकायचा आणि निघून जायचं. थांबायचं नाही. रोज. अंग ताठ झालं, खाण्याचा वेग वाढला, डोळ्याचा पांढरा भाग दिसला तर तुम्ही फार जवळ गेलात, दुसऱ्या दिवशी लांबनं टाका. काही आठवड्यांनी तुम्ही दिसलात की ते वाटीतनं मान वर करून शेपूट हलवायला लागतं, कारण आता तुम्ही येणं म्हणजे काहीतरी वाढणं. मग थोडं जवळ. घाई करू नका. तोंडात चप्पल किंवा काही घेतलं तरी हिसकावायचं नाही, दुसरं चांगलं काही देऊन बदली करायची. आणि एकदा डॉक्टरला दात आणि कान दाखवून घ्या, दुखत असलं तरी कुत्री खाताना अशीच वागतात. मोठा काही इलाज लागला तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला हायवेनं सोयीचं आहे.

सासूबाईंचा राग नका मानू. नातीची काळजी आहे त्यांना. त्यांच्याच हातानं तो लांबनं टाकायचा तुकडा टाकायला लावा.

प्रश्न: जत तालुक्यातनं लिहितोय. शेजारच्या गावात एकजण त्याची चार वर्षांची कारवानी कुत्री देऊन टाकतोय, आता पळत नाही म्हणतो. घ्यावी का? का मुधोळवरनं पिल्लू आणावं?

उत्तर: घ्या तिला. मुधोळ काय, कारवानी काय, ही डोळ्यानं शिकार हेरून धावणारी कुत्री, अंगानं बारीकच असतात, बरगड्या थोड्या दिसल्या तर उपाशी समजू नका. काहीतरी पळताना दिसलं की ती मागं धावणारच, म्हणून रस्त्याच्या कडेला मोकळी सोडू नका. सशाच्या मागं तर मुळीच सोडू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकार आहे. नसबंदी किंवा कुठलंही ऑपरेशन करताना डॉक्टरला जात आठवणीनं सांगा, या कुत्र्यांना भुलीची काही औषधं लवकर उतरत नाहीत. ती पळत का नाही ते पण तपासून घ्या, पायाचं दुखणं असू शकतं.

प्रश्न: आम्ही दोघं साताऱ्यात शाहूपुरीत असतो, मी एकोणसत्तर, ही चौसष्ट. मुलगा पुण्याला. माहुलीला संगमावर गेलो की थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याच्या समाधीपाशी थांबतो, वाघापासनं महाराजांना वाचवलं म्हणतात त्यानं. एवढं बघून हिला वाटतं आपल्याकडं पण एक असावं. या वयात पिल्लू आणावं का?

उत्तर: काका, पिल्लू नको, कुत्रं जरूर आणा. पिल्लू बारा-चौदा वर्षं जगेल, त्याला पळायला लागतं, ओढाओढ करतं, आणि पट्ट्याच्या झटक्यानं पडून माणसाचं खुब्याचं हाड मोडतं. सहा-सात वर्षांचं, शांत, लहान किंवा मध्यम अंगाचं कुत्रं बघा. अशी कुत्री कुणी मागत नाही, सगळ्यांना पिल्लं पाहिजे असतात, त्यामुळं ती शेल्टरमध्येच म्हातारी होतात. त्यांना सकाळ-संध्याकाळ एक फेरी आणि दिवसभर माणसाची सोबत पाहिजे, आणि दिवसभर घरी माणूस असणं हे नोकरी करणाऱ्या घरांत मिळत नाही, तुमच्याकडं मिळतं. गळ्याला नाही तर छातीला लावायचा हार्नेस घ्या. आणि तुमच्यापैकी कुणी दवाखान्यात असलं तर कुत्रं कुणाकडं जाईल हे मुलाशी आणि शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा, ज्यांच्याकडनं घेताय त्यांना पण ते लिहून द्या.

गल्लीतलं एखादं तुमच्या दारात येऊन बसत असेल तर त्याला उचलून घरात कोंडू नका मात्र. काही कुत्री आपल्या गल्लीतच सुखात असतात. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे केंद्राचे २०२३ चे नियम आहेत, त्याप्रमाणं नसबंदी करून लस देऊन त्यांना त्याच जागी परत सोडतात ते त्यासाठीच. त्याला खायला घाला, दरवर्षी लस द्या, तेवढं पुष्कळ झालं. पावसाळ्यात ते स्वतःच आत येऊन राहायला लागलं तर गोष्ट वेगळी.

प्रश्न: कुपवाडहून. आमचं विकत आणलेलं पिल्लू दिवाळीत पार्वोनं गेलं. मुलं अजून विचारतात. आता दुसरं कधी आणायचं?

उत्तर: फार वाईट झालं, पार्वो म्हणजे विषाणूमुळं होणारे उलट्या-जुलाब, त्यात लहान पिल्लू डोळ्यांदेखत संपतं. त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने, कधी वर्षभर सुद्धा टिकतो आणि साध्या फिनेलनं जात नाही. फरशी आधी साबणानं धुऊन मग ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं करून दहा मिनिटं ओली ठेवा, जुनी गादी, वाटी, पट्टा टाकून द्या. अंगणातली माती मात्र अशी धुता येत नाही, म्हणून लसी पूर्ण न झालेलं पिल्लू, म्हणजे साधारण चार महिन्यांच्या आतलं, वर्षभर तरी त्या घरात आणू नका, विकतचं नको आणि वाचवलेलं पण नको. पण सगळ्या लसी झालेलं मोठं कुत्रं घेणार असाल तर थांबायचं कारण नाही. कार्ड बघा, शेवटची लस वर्षाच्या आतली आहे ना ते तपासा, आणि या रविवारी मुलांना घेऊन बघायला जा.